फाशी मागणाऱ्या गर्दीला काय हवं असतं?

यंदाच्या अंकाचा विषय 'न्याय' ठरला तेव्हा संपादकांनी माझ्याकडे एकच प्रश्न सोपवला. महाराष्ट्रात एखादा भीषण गुन्हा घडला की तासाभरात 'फाशी द्या'चे फलक रस्त्यावर येतात. ते हातात धरणाऱ्या माणसांना नेमकं काय हवं असतं? पुस्तकात बसून याचं उत्तर मिळणार नाही, फिरा, लोकांशी बोला, असं त्यांनी बजावलं. म्हणून मोर्चे निघाले तिथं गेले, कोर्टाच्या व्हरांड्यात बसले, तुरुंगाच्या फाटकाबाहेर मुलाकातीच्या रांगेत उभ्या बायकांशी बोलले आणि शेवटी माणदेशातल्या एका बिनभिंतींच्या तुरुंगापर्यंत पोचले. जे दिसलं ते सांगते.

बदलापूरचे रूळ

२० ऑगस्ट २०२४. बदलापुरात शाळेत जाणाऱ्या दोन चिमुकल्या मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार होती. त्या सकाळी लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकल बंद पडली. समजूत घालायला मंत्री आले, त्यांचंही कुणी ऐकेना. आत्ताच्या आत्ता फाशी, एवढंच लोक म्हणत होते.

पुढे मी तिथल्या फलाटावर त्या दिवशी रुळांवर बसलेल्या एका बाईंशी बोलले. पोळीभाजीचे डबे करून घर चालवणाऱ्या. फाशीबद्दल विचारलं तर त्या पोलीस ठाण्याबद्दलच बोलत राहिल्या. "त्या पोरीच्या आईला तासन् तास बसवून ठेवलं. गुन्हा लिहून घ्यायला जवळपास बारा तास. आमच्या पोरींचं एवढंही ऐकून घेणार नसतील, तर आम्ही रुळावर बसून दुसरं काय मागायचं होतं?" शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ बाई का नेमली नव्हती, सीसीटीव्हीचं काय झालं, शाळेने आधी गप्प का बसवलं, असे पाच-सहा प्रश्न त्यांनी एका दमात विचारले. सगळे नेमके होते. फलकावर मात्र दोनच शब्द मावले.

२३ सप्टेंबरला तो आरोपी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. फटाके वाजले, पेढे वाटले गेले. त्याच्या दफनाला जागा मिळेना. जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयात आला. त्यात पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या दाव्यावर संशय व्यक्त करून पाच पोलिसांना या मृत्यूसाठी जबाबदार धरलं होतं. पण त्याच्यावरचा खटला उभाच राहिला नाही. पुरावा तपासला गेला नाही, साक्षी झाल्या नाहीत. डबेवाल्या बाईंच्या प्रश्नांना भर कोर्टात उत्तर मिळण्याची मुख्य वाट त्या गोळीने बुजली.

हैदराबादेत २०१९च्या डिसेंबरात हेच घडलं होतं. एका तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी चकमकीत मारले गेले आणि पोलिसांवर फुलं उधळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते नागपुरात वकिली करून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलेले न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. २०२२मध्ये उघड झालेल्या अहवालाने चकमकीची कहाणी अविश्वसनीय ठरवली. मारण्याच्याच हेतूने गोळ्या झाडल्या, असा निष्कर्ष काढला. चौघांपैकी तिघे अठरा वर्षांखालचे होते, हेही नोंदवलं. फुलं उधळणाऱ्यांपैकी किती जणांपर्यंत हा अहवाल पोचला असेल?

इज्जतीचं माप

१३ जुलै २०१६ रोजी नगर जिल्ह्यातल्या कोपर्डीत शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून मराठा समाजाचे लाखोंचे मूक मोर्चे निघाले. पुढे मुली चालत, आणि शेवटी त्याच निवेदन वाचत. पहिली मागणी फाशीची. नोव्हेंबर २०१७मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना ती सुनावली. त्या मोर्चांत चाललेली एक मुलगी आता तलाठी आहे. ती म्हणाली, "आम्हाला वाटायचं, फाशी झाली तर आमच्या पोरीची किंमत सरकारला कळली. जन्मठेप म्हणजे कमी लेखल्यासारखं."

हीच भावना मी विदर्भात दुसऱ्या टोकाकडून ऐकली. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना जमावाने मारलं. २००८मध्ये विशेष न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. २०१०मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तिची पंचवीस वर्षांची कैद केली. दलित वस्त्यांत संताप उसळला. त्या लढ्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याला मी विचारलं, फाशी टळल्याचं दुःख अजून आहे का? ते म्हणाले, "त्याहून मोठं दुःख ॲट्रॉसिटी लागली नाही याचं आहे. हे खून जातीमुळे झाले, हेच कोर्टाने मानलं नाही. ते मानलं असतं तर जन्मठेपही आम्ही पचवली असती."

तलाठी मुलगी आणि हे कार्यकर्ते कदाचित कधी एका मंचावर बसणार नाहीत. तरी दोघांचं मागणं एकच आहे: आमच्या माणसाच्या जिवाचं मोल राज्याने जाहीरपणे मान्य करावं. आपल्याकडे त्या मान्यतेचं सर्वांत मोठं माप फाशी हेच उरलं आहे. सभांमधून कडेलोट आणि चौरंगा यांची आठवण काढली जाते, रामशास्त्र्यांनी राघोबादादांना सांगितलेल्या देहान्त प्रायश्चित्ताचं नाव निघतं. रामशास्त्र्यांच्या गोष्टीत सत्तेवर बसलेल्याला जाब विचारलेला असतो, म्हणून ती इतकी जवळची वाटते. आजच्या फाशीच्या कोठडीत मात्र सत्तेवर बसलेला माणूस सापडत नाही.

सरकारांना हे माप सोयीचं पडतं. डिसेंबर २०२१मध्ये विधिमंडळाने 'शक्ती' विधेयक एकमताने मंजूर केलं. त्यात बलात्काराच्या काही गुन्ह्यांना मृत्युदंड होता. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अमलात आलं नाही. फाशीचं कलम वाढवायला पैसा लागत नाही. न्यायवैद्यक प्रयोगशाळा, तालुक्याच्या ठाण्यात महिला अधिकारी, पोक्सोच्या खटल्यांसाठी पुरेशी न्यायालयं यांना दरवर्षी पैसा लागतो.

शिक्षा ठरते ती दुपार

फाशीवर आपण एवढं बोलतो, पण ती ठरते कशी, हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. खून खटल्यात न्यायाधीश आधी 'दोषी' एवढंच सांगतात. मग शिक्षेवर वेगळी सुनावणी व्हावी लागते. सत्र न्यायालयांत कैक वर्षं ही सुनावणी त्याच दुपारी उरकली जाई. विधी सेवेच्या यादीवरचे एक वकील मला म्हणाले, "आरोपीला विचारतात, शिक्षेबाबत काही सांगायचंय का? तो म्हणतो, घरी म्हातारी आई आहे, पोरं लहान आहेत. मी उठून म्हणायचो, पहिलाच गुन्हा आहे, दया करावी. झालं. त्याच्या आयुष्याबद्दल मला याहून जास्त माहीतच नसायचं."

१९८० सालच्या बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की जन्मठेप हा नियम, फाशी हा दुर्मिळातला दुर्मिळ अपवाद. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही तपासायचा: तो कुठल्या परिस्थितीतून आला, सुधारण्याची शक्यता खरोखरच संपली आहे का. पण तपासायचा कुणी, हे अधांतरीच राहिलं. २०२२मध्ये मनोज खटल्यात न्यायालयाने ठरवून दिलं की आरोपीची मानसिक तपासणी, तुरुंगातली वागणूक, घरची परिस्थिती यांचे अहवाल खालच्या कोर्टातच मागवावेत. आता परिवीक्षा अधिकारी आरोपीच्या गावी जातात, शाळेचा दाखला काढतात, आईला भेटतात.

न्यायाधीशांच्या हातूनही चुका झाल्या आहेत. २००९मध्ये महाराष्ट्रातल्याच संतोष बारियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कबूल केलं की आपल्याच काही निकालांत गुन्हेगाराचा विचार न करता फक्त गुन्हा पाहून फाशी कायम झाली होती. त्यातल्या दोघांना तोवर फासावर चढवून झालं होतं. लोकमत हे शिक्षेचं परिमाण होऊ शकत नाही, हेही त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार खटल्यातल्या तिघांची फाशी रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाने तेच सूत्र धरलं. गुन्हा भयंकर आहे, पण लोकक्षोभावर शिक्षा ठरत नाही, आणि मृत्यू पश्चात्तापाची शक्यताच संपवतो, असं सांगून उरलेलं आयुष्य तुरुंगात काढण्याची शिक्षा दिली.

कोठडीत पोचतं कोण? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६मध्ये देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास मांडला. चारांतले जवळपास तीन गरीब घरचे होते. त्याच विद्यापीठाच्या २०२१च्या अभ्यासात तपासलेल्यांपैकी ६२ टक्क्यांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. चांगला वकील पहिल्या दिवसापासून उभा करू शकणारा माणूस त्या कोठडीत जवळपास दिसत नाही.

पेरूच्या बागेतले खून

नाशिक जिल्ह्यात एका पेरूच्या बागेत झोपडी बांधून एक कुटुंब राहत होतं. ५ जून २००३च्या रात्री दरोडेखोर शिरले. पाच जणांचा खून केला, बलात्कार केले, पैसे-दागिने नेले. पोलिसांनी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनकडची सहा माणसं धरली. भटक्या जमातीची, मजुरी करणारी.

२००६मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने तिघांची कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. पुढे दिसून आलं की त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं.

वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्या माणसांचे फोटो ओळखले होते. त्या चौघांचा तपास झालाच नाही. आरोपी भटक्या जमातीतले, गरीब मजूर आहेत, त्यांना खोटं गुंतवल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयाने लिहिलं. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई दिली आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः चोर ठरवलं होतं, त्यांच्या माथ्यावरचा शिक्का १९५२मध्ये तो कायदा रद्द झाला तेव्हा कागदावरून पुसला. ठाण्यातल्या संशयितांच्या यादीवरून तो अजून पुरता पुसलेला नाही.

नाशिकजवळच्या एका गावात पारावर बसलेल्या मंडळींना मी ही हकिगत सांगितली. आधी फक्त गुन्हा सांगितला. सगळ्यांचं उत्तर ठरलेलं होतं. मग पुढचं सांगितलं. बराच वेळ चर्चा झाली, कुणी पोलिसांना शिव्या दिल्या, कुणी म्हणालं अशी एखादी चूक व्हायचीच. मग द्राक्षबागायतदार असलेले एक आजोबा म्हणाले, "ताई, ह्या सहा जणांचं वाईट झालं. पण ज्यांनी खरं केलं, ते सोळा वर्षं कुठं होते? त्या बाईला कुणी विचारलं का?"

माझ्या सगळ्या फिरस्तीत मला इतका नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही. चुकीच्या माणसाला दिलेली फाशी पीडितेलाही फसवते. शिक्षा जितकी मोठी, तितका खटला जिंकल्याचा भास मोठा, आणि खरा गुन्हेगार शोधण्याची निकड तितकी कमी.

फाशी यार्डातली वर्षं

महाराष्ट्रात फाशी देण्याची व्यवस्था येरवडा आणि नागपूर या दोन मध्यवर्ती तुरुंगांत आहे. येरवड्यात चापेकर बंधूंना फाशी झाली, १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या चार हुतात्म्यांना झाली. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी जोशी-अभ्यंकर खून खटल्यातल्या चौघांना आणि २०१२मध्ये अजमल कसाबलाही तिथंच. नागपुरात २०१५मध्ये याकूब मेमनला. ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. फाशीच्या छायेत वर्षानुवर्षं जगून प्रत्यक्षात फासावर न जाणारे मात्र कुणाच्या लक्षात नसतात, आणि संख्येने तेच जास्त आहेत. खालच्या कोर्टाने दिलेल्या फाशींपैकी अगदी थोड्याच शेवटपर्यंत टिकतात.

निवृत्त झालेल्या एका तुरुंग अधिकाऱ्याने मला यार्डातला दिवस समजावून सांगितला. वेगळ्या कोठड्या, दोन वेळची गिनती, ठरावीक तास बाहेर. जन्मठेपेच्या कैद्याला सुतारकाम असतं, माग असतो, बागकाम असतं. रोजची मजुरी मिळते, चांगल्या वागणुकीची माफी मिळते, संचित रजेवर घरी जाता येतं. फाशीवाल्याला यातलं काही नाही. १९७८च्या सुनील बात्रा निकालाने सांगितलं आहे की अपील आणि दयेचे सगळे मार्ग संपेपर्यंत त्याला एकांतात कोंडता येत नाही. पण काम नसलेला दिवस सरत नाही. "जेवणाच्या वेळेआधी कुलपाचा आवाज आला तरी माणूस दचकायचा," ते म्हणाले. "आम्हालाही त्याची सवय झाली नाही."

पुण्यात २००७मध्ये रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर बलात्कार करून खून करणाऱ्या दोघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये कायम केली. राष्ट्रपतींनी २०१७मध्ये दया नाकारली. त्यानंतर फाशीचं वॉरंट निघायला २०१९ उजाडलं. कागद खात्याखात्यांत पडून होते. या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली आणि डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. बालकांचं अपहरण आणि खून करणाऱ्या कोल्हापूरच्या दोन बहिणींची फाशीही जानेवारी २०२२मध्ये अशाच कारणाने जन्मठेपेत बदलली.

पुण्यातच १९९४मध्ये एका कुटुंबातल्या सात जणांचा खून झाला. सारं शहर हादरलं होतं. त्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या एकाचं वय मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या नोंदींवरून ठरवलं: गुन्ह्याच्या दिवशी साडेबारा वर्षं. अठ्ठावीस वर्षांनी तो बाहेर आला. मधल्या काळात त्याने तुरुंगातच पदव्युत्तर शिक्षण घेतलं होतं. साडेबारा वर्षांच्या मुलाला आपण फासावर देणार होतो, आणि एकाही पातळीवर कुणी त्याचा दाखला वेळेत मागवला नव्हता.

या रेंगाळण्याचा जाच बळी गेलेल्यांच्या घरालाही होतो. एका खून खटल्यातल्या मुलीच्या वडिलांनी मला सांगितलं, "निकालाच्या दिवशी सगळे म्हणाले, न्याय झाला. मग हायकोर्ट, मग दिल्ली, मग दयेचा अर्ज. दर वेळी टीव्हीवाले दारात, दर वेळी तिचा तोच फोटो. जन्मठेप झाली असती तर निदान तिचं वर्षश्राद्ध आम्ही शांतपणे केलं असतं."

माणदेशातलं स्वतंत्रपूर

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठबळाने १९३९मध्ये मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याने ही खुली वसाहत उभी केली. खुनासारख्या गुन्ह्यातल्या कैद्यांना भिंतींशिवाय, शेती करून, कुटुंबासह राहू द्यायचं. इथल्याच ग. दि. माडगूळकरांनी ही गोष्ट लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. सिनेमा गाजला. वसाहत आजही चालू आहे, हे मात्र पुण्या-मुंबईत अनेकांना ठाऊक नसतं.

जन्मठेपेची बरीच वर्षं बंद तुरुंगात काढून, वागणूक पारखून माणसं इथं पाठवली जातात. हजेरी असते, नियम असतात. घरं साधी, अंगणात चूल, पोरं आटपाडीच्या शाळेत. कोपऱ्यावर बसून मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या एका बाई म्हणाल्या, "येरवड्याला मुलाकातीला जायचे तर काचेतून दिसायचे. पोरगं बापाला ओळखत नव्हतं. आता अभ्यास घेतात त्याचा."

शेजारच्या डाळिंबवाल्या शेतकऱ्याला विचारलं, खुनाच्या कैद्यांना रानात घेताना भीती नाही वाटत? "वापसा आला की माणूस लागतंय, ताई. ही माणसं कामाला खरी हायती. त्यातला एक आमच्या घरच्या लग्नात वाढायला हुता." मग बदलापूरचा विषय निघाला तसा त्याचा आवाज चढला. "असल्याला भर चौकात फाशी द्यायला पायजे."

दोन्ही वाक्यं तो मनापासून बोलला. जो माणूस त्याने पाहिला, ज्याच्याबरोबर भाकरी खाल्ली, त्याच्याबद्दल त्याचं मत एक आहे. टीव्हीवरच्या चेहऱ्याबद्दल दुसरं. लोकमत फाशीच्या बाजूने आहे असं आपण म्हणतो, तेव्हा या दुसऱ्या मताचीच मोजदाद करतो. पहिलं कुणी विचारतच नाही.

आपल्या बहुतेक तुरुंगांत अशी ओळख व्हायला वावच नाही. आर्थर रोडच्या तुरुंगाची क्षमता हजाराच्या आत, आणि तिथं तीन हजारांहून जास्त कैदी ठेवलेले असतात. देशभरातल्या कैद्यांपैकी चारांतले तीन अजून गुन्हा सिद्ध न झालेले आहेत. पाळीपाळीने झोपणाऱ्या बराकीत सुधारणा आणि पुनर्वसन घडत नाही. तिथून सुटलेला माणूस परत आपल्याच गल्लीत येतो, म्हणून त्याला आत कसं ठेवलं हा आपल्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

आपण काय मागावं

३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीच्या अपिलांवर चर्चा चालली असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट सांगितलं की अहिंसेला नैतिक आदेश मानणाऱ्या या देशाने फाशीची शिक्षाच रद्द करावी. जातीच्या हिंसेचा अनुभव ज्यांच्या गाठी सर्वांत जास्त होता, त्यांचं हे मत होतं. २०१५मध्ये न्यायमूर्ती अजित शहा यांच्या विधी आयोगाने दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध एवढे अपवाद ठेवून फाशी रद्द करण्याची शिफारस केली. दोन्ही गोष्टी आपण कपाटात ठेवल्या आहेत.

फाशी रद्द व्हावी, असं माझं मत आहे, आणि ते या फिरस्तीत पक्कं झालं. फाशी मागणाऱ्यांवर मी रागावलेली नाही. त्यांच्या रागाला कारण आहे, आणि ते कारण ठाण्यापासून सुरू होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार बलात्काराच्या निकाली निघालेल्या खटल्यांपैकी जेमतेम २७-२८ टक्क्यांत शिक्षा झाली. गुन्हेगाराला कायद्यातल्या फाशीच्या कलमाची भीती वाटत नाही. आपण नक्की पकडले जाऊ आणि नक्की शिक्षा होईल, ही खात्री असेल तर वाटते. ती खात्री आज त्याला नाही.

म्हणून पुढच्या वेळी मोर्चा निघेल तेव्हा फलकावर ही वाक्यं असावीत: तक्रार तासाभरात लिहून घ्या. नमुने प्रयोगशाळेत महिनोन् महिने कुजवू नका. आरोपीलाही पहिल्या दिवसापासून चांगला वकील द्या, म्हणजे निकाल दिल्लीत कोसळणार नाही. राज्याच्या मनोधैर्य योजनेतले भरपाईचे पैसे पीडितेला हेलपाटे घालायला न लावता द्या. खटला एका वर्षात संपवा. दोषी ठरलेल्याला जन्मभर ठेवायचं तर ठेवा, पण काम देऊन, शिकवून, माणूस म्हणून ठेवा. सरकारने दोर दाखवला की या मागण्या मिटल्या असं समजून आपण घरी जातो. यापुढे जाऊ नये.